ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वीं

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचें म्हणजे जवळच्या पैशांत जें सर्वांत वेगवान मिळेल तें घ्यावें, एवढेंच काय तें काम. विंडोज वापरणारास ही समजूत फारशी नडत नाहीं. परंतु आपल्या वाचकांपैकीं ज्यांनीं लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली स्वीकारली आहे, त्यांनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एक निराळाच प्रश्न विचारावा, असें मला वाटतें. तो असा कीं, या कार्डाच्या निर्मात्यानें त्याविषयींचें ज्ञान मोकळें केलें आहे, कीं कुलुपांत ठेविलें आहे?

१९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, लिहून लोकांस दिला. तो कोणीहि वाचावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा, अशी त्याच्या परवान्यानें मोकळीक आहे. या गाभ्याचें व कार्डाचें बोलणें घडवून आणणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. तो गाभ्यांतच असला म्हणजे गाभ्याबरोबर त्याचीहि सुधारणा होत जाते; बाहेरचा असला म्हणजे सारें निर्मात्याच्या मर्जीवर राहतें.

इंटेलचे ड्रायव्हर फार दिवसांपासून गाभ्यांतच आहेत. एएमडीनें २००६ सालीं एटीआय ही कंपनी विकत घेतली व पुढच्याच वर्षीं कार्डांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. २०१५ सालापासून तिचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर गाभ्याचा भाग आहे. त्या कार्डांचें फर्मवेअर मात्र अजून बंदच आहे, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

एनव्हिडियाचा मार्ग निराळा. तिचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो आणि गाभा नवा आला कीं त्याच्याशीं पुन्हां जुळवावा लागतो; जुळणी चुकली तर पडदा काळा! स्वयंसेवकांनीं कार्डांचें वर्तन पाहून पाहून ‘नूव्हो’ नांवाचा मुक्त ड्रायव्हर रचला. परंतु २०१४ सालच्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून निर्मात्याची सही असलेलेंच फर्मवेअर चालावें अशी योजना झाली, आणि त्या पिढ्यांचीं कार्डें नूव्होखालीं मंदगतीनेंच चालूं लागलीं. २०२२ सालीं कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा गाभ्याशीं जोडला जाणारा भाग मुक्त केला, हें स्तुत्यच होय. पण तो ट्युरिंग, म्हणजे २०१८ सालच्या पिढीपासून पुढच्या कार्डांपुरताच.

येथेंच आमच्या बांधवांची फसगत होते. जीटीएक्स ९०० व १००० मालिकांचीं जुनीं कार्डें स्वस्तांत मिळतात. परंतु ५८० ही ड्रायव्हरची शाखा त्यांना चालणारी शेवटची, असें २०२५ सालीं कंपनीनेंच जाहीर केलें. कार्ड धडधाकट, पण त्याला नवा दुभाषी नाहीं! उलट, एएमडीचीं दहा वर्षांपूर्वींचीं कित्येक कार्डें नव्या गाभ्यावर आजहि सुरळीत चालतात. वडिलांनीं काटकसरीनें जमविलेला पैसा कोठें अधिक टिकेल, हें यावरून उघड आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, “आम्हांस यंत्रशिक्षणाचा अभ्यास करावयाचा असून आमचें काम ‘कूडा’वर अवलंबून आहे.” आक्षेप रास्त आहे, कूडा ही एनव्हिडियाची स्वतःची सोय आहे. अशांनीं तिचेंच कार्ड घ्यावें, मात्र ट्युरिंग किंवा नंतरच्या पिढीचें घ्यावें. बाकीच्यांनीं आधीं खरोखर गरज आहे काय, हें पाहावें. निबंध लिहिणें, गणितें सोडविणें, चित्रपट पाहणें यांसाठीं प्रोसेसरमध्येंच असलेलें ग्राफिक्स पुरेसें होतें.

घ्यावयाचेंच ठरलें, तर पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन दुकानांतच तें कार्ड चालवून पाहावें. अगदीं नुकतेंच बाजारांत आलेलें कार्ड असल्यास गाभाहि नवा लागतो. पॉवर सप्लायची शक्ति व पेटींतील जागा मोजून ठेवावी, नाहीं तर घरीं आणलेलें कार्ड बसतच नाहीं.

वेगाचा आकडा खोक्यावर छापलेला असतो. निर्मात्याचें धोरण छापलेलें नसतें. तें शोधून काढण्याचे कष्ट विद्यार्थ्यानें घ्यावेत, आणि पालकांनींहि पैसे मोजण्यापूर्वीं मुलास तोच प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंति आहे.