गुडघ्यामागचा फुगा आणि आपली उकिडवी बैठक

गुडघ्यामागील धमनीचा फुगा मोठी चिरफाड न करता दुरुस्त केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि आपण त्यांचे कौतुक करतो. कौतुक रास्त आहे. पण रुग्ण घरी गेल्यावर कसा बसणार, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

पॉप्लिटियल धमनीचा विस्फार हा बहुधा साठीपुढील, तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांचा विकार. तो क्वचितच फुटतो. खरे भय आतल्या गुठळीचे. ती सुटून खाली अडकली की पाय गमावण्याची वेळ येते. म्हणून फुगा २ सेंटीमीटरपर्यंत वाढला की सहसा उपचार सुचवतात. जॉन हंटरने १७८५ मध्ये लंडनमध्ये एका गाडीवानाची मांडीतील धमनी बांधून त्याचा पाय वाचवला होता. पुढे रुग्णाचीच शीर वापरून रक्ताला नवी वाट देण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. आता जांघेतून तार सरकवून निटिनॉलच्या जाळीची, आतून अस्तर लावलेली नळी फुग्यात बसवता येते. भूल कमी लागते, रुग्ण लवकर घरी जातो. वृद्ध आणि हृदयविकारी रुग्णांना हे वरदानच होय.

पण ही नळी नेमकी सांध्यामागे बसते. गुडघा खोल वाकला की ती दुमडते. वारंवार दुमडली तर मोडू शकते, बंद पडू शकते. ज्या समाजात खुर्चीवर बसून दिवस जातो, तेथील निष्कर्ष आपल्याला जसेच्या तसे कसे लागू पडतील? जबलपूरजवळच्या शहपुऱ्याचा पट्टा मटारासाठी ख्यात आहे. शेंगा तोडणारी माणसे तासन्‌तास उकिडवी बसतात. जेवण मांडी घालून, शौच उकिडवे. शिवाय हा मुलूख तेंदूपत्त्याचा आणि विडीचा. म्हणजे रोगाचे कारण आणि नळीचा शत्रू दोन्ही एकाच अंगणात.

म्हणून माझे म्हणणे असे की, शीर चांगली असलेल्या, शेतात राबणाऱ्या धडधाकट रुग्णाला आधी जुन्या शस्त्रक्रियेचा पर्याय मोकळेपणाने सांगावा. नळी बसवलीच, तर रक्त पातळ ठेवणारी औषधे आणि डॉपलर तपासणी वर्षानुवर्षे लागते. ती तालुक्यातच व्हावी, दर वेळी जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत हेलपाटा पडू नये. २०१७ मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली ती हृदयाच्या स्टेंटवर. पायाच्या या नळ्यांकडेही तसेच लक्ष जावे. आणि अशा भारतीय रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही असावी, जीत त्यांची बसण्याची सवयही लिहिली जाईल.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल. साठीपुढील विडीबाज रुग्णाच्या गुडघ्यामागे डॉक्टरांनी बोटे ठेवून पाहावीत. ठोका रुंद लागला तर दुसरा गुडघा आणि पोटही तपासावे, कारण हा विकार पुष्कळदा एकटा नसतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.