ऊन लागलं नव्हतं

मे महिन्यातली दुपार. सदरच्या मंगळवारी बाजारातून भाजी घेऊन शेजारच्या काकू आल्या आणि पायरीवरच बसल्या. ‘डोकं गरगरून राहिलं गं,’ म्हणाल्या. नागपूरचं ऊन, पारा 45 च्या घरात. मला सुचलं तेच कुणालाही सुचलं असतं. कांदा फोडला, पन्हं केलं, कूलरसमोर झोपवलं. पन्ह्याचा घोट ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळला. तो मी पदरानं पुसला! त्यांचं तोंड एका बाजूला झुकलंय, हे मला दिसलंच नाही.

सून म्हणाली, ‘हे आले की नेऊ दवाखान्यात.’ ‘हे’ आले साडेपाचला. तोवर काकूंचा उजवा हात लुळा पडला होता, शब्द फुटत नव्हते. जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅनची सोय नव्हती. तिथून दुसरीकडे. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, ‘या शेवटच्या नीट कधी होत्या?’ आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

तो प्रश्न किती मोलाचा, ते नंतर कळलं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघूनच. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन किंवा बीपीची जास्तीची गोळी द्यायची नाही. पन्हंच काय, पाणीसुद्धा नाही. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूतज्ज्ञांनी 2006 मध्ये हिशेब मांडला होता, अशा झटक्यात दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. आम्ही तर ‘ह्यांची’ वाट बघत होतो.

मैत्रिणींनो, मला राग येतो तो याचाच. दूध उतू गेलं तर आपण कुणाला विचारत नाही, मग माणूस दवाखान्यात न्यायला परवानगी कशाला? जी घरात असेल तिनं 108 फिरवावा. स्वतःचं दुखणं असलं की आपण आणखीच गप्प. ‘जरा पडते, बरं वाटेल.’ आणि खरंच दहा मिनिटांत बरं वाटतंही! पण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. बरं वाटलं तरी त्याच दिवशी, लगेच जायचं.

ऊन की झटका, हा घोळ घालत बसू नये. अचानक एकाच बाजूचा चेहरा, हात किंवा पाय ढिला पडला, जीभ अडखळली, एकाएकी दिसेनासं झालं, तोल गेला, कधी नव्हे इतकं डोकं ठणकलं, तर निघायचं. ऊन लागून माणूस बरळत असेल तरी दवाखानाच गाठायचा असतो. घड्याळ बघून वेळ तेवढी लिहून ठेवावी. आणि स्कॅन व इंजेक्शन चोवीस तास कुठे मिळतं, मेयोत, मेडिकलला की खाजगीत, ते आजच विचारून ठेवावं. आम्ही आता तो नंबर फ्रीजवर चिकटवलाय.

काकू हळूहळू बोलतात आता. पोळी मात्र लाटता येत नाही. परवा मी सहज म्हटलं, ‘डोकं जड झालंय हो काकू.’ तर डाव्या हातानं मला खुणावलं, दोन्ही हात वर कर. केले. मग म्हणाल्या, ‘हास.’