फ्लॅट विकायचाय? पीओपी राहू द्या, आधी गळती काढा

मंडळी, आमच्या सिंहगड रोडच्या तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या एक साथच आलीय. फ्लॅट विकायचा ठरला की एजंटच्या आधी इंटेरियरवाला घरात! पीओपी, मॉड्युलर किचन, जुन्या फरशीवर नव्या टाइल्स. चार-पाच लाख बघता बघता जातात. मालकाचा हिशोब असा की पाच घातले की दहा सुटतील.

नाही सुटत हो. सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे हे व्यवहार जवळून बघतो. बहुतेक गिऱ्हाईक कर्ज काढून येतं. बँकेचा माणूस कार्पेट एरिया, इमारतीचं वय आणि भागातला दर बघतो, तुमच्या किचन ट्रॉल्या मोजत नाही. त्यात घेणाऱ्याची आवड वेगळी, तुमचं लाल लॅमिनेट तो महिन्याभरात उपटतो. आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर विचारूच नका. नवी जागा जुन्या कार्पेटवर ठरते, ग्रॅनाइटवर नाही.

पैसे तुमचे, उडवा. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. बाथरूमची गळती तशीच, वर पुट्टी आणि रंग. पाऊस संपला की ओल वाळते, मग दिवाळी ते मे या काळात व्यवहार उरकायचा. जूनमध्ये भिंतीला पोपडे आले की नवा मालक कमिटीच्या नावाने शंख करणार आणि खालच्या मजल्यावरचा त्याच्या नावाने. याला हुशारी म्हणतात आपल्याकडे! 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 55 वाचा. आपल्याला माहीत असलेला आणि समोरच्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

गंमत म्हणजे हीच माणसं टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी म्हटलं की सभेतून उठून जातात. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं असं आदर्श उपविधी सांगतात. तो विषय काढला की कोरमच नाही.

खर्च करायचाच तर प्लंबर बोलवा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करा, जुनं वायरिंग तपासा, साधा पांढरा हात मारा. उरलेला वेळ कागदांना द्या. अजून आजोबांच्याच नावावर असलेलं शेअर सर्टिफिकेट मी किती तरी वेळा पाहिलंय. वारसांच्या सह्या गोळा करता करता गिऱ्हाईक दुसरीकडे टोकन देऊन मोकळं होतं. आणि हो, ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार. 'देणगी' म्हणून वर काही मागितलं तर द्यायचं नाही, मग मागणारा माझ्यासारखा कमिटीवाला का असेना.

विकत घेणाऱ्यांनो, तुम्हीही ऑक्टोबरच्या उन्हात घर बघून भुलू नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवा आणि विचारा, "तुमच्या छताला ओल येते का हो?" अर्धा तास जाईल, चहाही मिळेल.