ओळख खरी, तरच व्यवहार खरा

नोकरी-धंद्यातील ओळखीपाळखी आता मोबाइलवरच होतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या लिंक्डइनने वशिला नसलेल्या तरुणांनाही कंपन्यांच्या दारापर्यंत नेले, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच दारात भामटेही उभे आहेत. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह, भरती अधिकाऱ्याचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाखत, लगोलग नेमणूकपत्र आणि मग ‘परत मिळणारी’ अनामत रक्कम, हा साचा ठरलेला आहे. अशाच ऑनलाइन आमिषांना भुलून म्यानमार, कंबोडियातील सायबर गुन्हेगारांच्या अड्ड्यांत अडकलेल्या भारतीय तरुणांची सुटका सरकारला करावी लागली.

दोष केवळ भामट्यांचा नाही. न केलेल्या कामाचा अनुभव लिहिणे, सहकाऱ्यांच्या कौशल्यांना डोळे झाकून दुजोरा देणे, पैसे घेऊन केलेली स्तुती स्वतःचे मत म्हणून खपवणे, हे सारे सभ्य माणसांकडूनही घडते. जाहिरातदाराशी असलेले आर्थिक संबंध उघड करण्याचे बंधन केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी घातले आहे. ते पाळले गेले पाहिजे.

कंपन्यांनी ‘भरतीसाठी आम्ही पैसे घेत नाही’ हे प्रत्येक जाहिरातीत ठळकपणे छापावे आणि आपल्या नावाची बनावट खाती बंद पाडावीत. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता तातडीने १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार करावी. पत कमवायला वर्षे लागतात. ती जपण्याची जबाबदारी खातेदार, कंपन्या आणि लिंक्डइनसारखी व्यासपीठे यांपैकी कुणालाही टाळता येणार नाही.