बाहेरच तर ओढतोय ना!

मंचर-नारायणगाव रस्त्यालगत आमच्या बचत गटाचं छोटंसं चहा-कॉफीचं हॉटेल आहे. आत चार टेबलं, बाहेर लिंबाखाली बाकडी. गेल्या रविवारी ओझर-लेण्याद्री करून परतणारं एक कुटुंब थांबलं. त्यातल्या गृहस्थांनी बाहेर बसून कॉफी मागवली आणि सिगारेट पेटवली. कॉफी घेऊन गेलेल्या मुलीने भिंतीवरची पाटी दाखवली. ते चिडले नाहीत, हसले. म्हणाले, "अगं, बाहेरच तर ओढतोय ना! आता झाडाखालीसुद्धा बंदी?"

मी गल्ल्यावर होते. खरं सांगते, त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. उघड्यावर धूर विरतो, खोलीत कोंडतो तसा कोंडत नाही. समोरून ट्रक काळा धूर सोडत जातात, त्यांना कोण विचारतं? कायद्याचंही त्यांना अर्धं ठाऊक होतं. २००३च्या तंबाखूविरोधी कायद्यात 'सार्वजनिक जागे'तून मोकळी जागा वगळलेलीच होती. पण २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम आले आणि त्यांत हॉटेल, कॉफी हाऊस यांच्या भोवतालची मोकळी जागाही धरली गेली. दंड दोनशे रुपयांपर्यंत. मालकाने ॲश ट्रे, काडेपेटी, लायटर काही द्यायचं नाही, नाहीतर त्यालाही भुर्दंड. (आपल्याकडच्या टपऱ्यांवर दोरीला बांधलेला लायटर रोज लोंबकळताना दिसतो, तो भाग वेगळा!) तीस किंवा जास्त माणसं बसण्याची सोय असलेल्या हॉटेलला ओढणाऱ्यांसाठी वेगळी जागा करता येते. आमच्याकडे सगळी मिळून अठरा बसतात.

पण दोनशे रुपयांसाठी मी वाद घातला नसता. गिऱ्हाईक वीस मिनिटं बसतं आणि जातं. ती पोर मात्र सकाळी सातपासून त्याच बाकड्यांमधून कप उचलत फिरते. एकाची विझली की दुसऱ्याची पेटते. आमच्यातली एक तर सातव्या महिन्यात आहे. गिऱ्हाइकाला ती मोकळी हवा वाटते, पण आमच्या बायकांची ती कामाची जागा आहे. मंचर, नारायणगाव, जुन्नरला आता कॉफी शॉप निघाली आहेत, बाहेर छान खुर्च्या मांडतात. त्यांच्या मालकांनीही तिथे वाढणाऱ्या पोरापोरींचा विचार करावा, असं मला वाटतं.

हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोरीकडे बोट दाखवलं. "ताई, मग त्या मावशींच्या मिश्रीला पाटी नाही का?"

मावशी भांडी बाजूला ठेवून दातांवरून बोट फिरवत होत्या. मी गप्पच झाले. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूचं कुठलं ना कुठलं व्यसन होतं, आणि ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. बाकीचं सगळं चघळायचं नाहीतर घासायचं, आणि त्यात आपण बायका काही कमी नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना मागच्या चुलीवर तव्यात तंबाखू भाजली जाते. तो ठसका अख्ख्या हॉटेलात जातो, त्या सातव्या महिन्यातल्या पोरीलाही लागतो. तिथे मी आजवर एक शब्द बोलले नव्हते, कारण मावशी वयाने मोठ्या, आणि मिश्री काय, घराघरात असते!

मिश्रीपायी सिगारेट माफ होत नाही, हे मी त्यांना म्हटलं. तेही समजूतदार निघाले. गाडीपलीकडे, रस्त्याच्या कडेला जाऊन सिगारेट संपवून आले. कॉफी गार झाली होती, ती परत गरम करून दिली. जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

सोमवारी गटाच्या बैठकीत मी विषय काढला, हॉटेलच्या चुलीवर मिश्री भाजायची नाही. दोघी हो म्हणाल्या, बाकीच्या खाली बघत बसल्या. मावशी उठल्या आणि आपला तवा पिशवीत घालून घरी गेल्या. आज तिसरा दिवस, कामावर आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार आहे.