वडिलांची आठवण

वडील देवाघरी गेले की मिस्साबली अर्पण होतो, कबरीवर फुले वाहिली जातात. परंतु त्यांचे जीवन हळूहळू विस्मृतीत जाते.

फ्रान्समधील लुई मार्टिन हे पेशाने घड्याळजी. रविवारी त्यांचे दुकान बंद असे. १८७७ साली पत्नी निवर्तल्यावर पाच मुलींचा सांभाळ त्यांनी मायेने केला. पुढे त्यांची बुद्धी ढळली व १८८९ पासून तीन वर्षे ते इस्पितळात होते. २९ जुलै १८९४ रोजी त्यांना देवाज्ञा झाली.

सहा महिन्यांच्या आत त्यांच्या धाकट्या कन्येने, संत तेरेझाने, मठात आठवणी लिहावयास घेतल्या. वडिलांबरोबर फिरावयास जाताना वाटेतल्या गरिबाला ते तिच्याच हातून दान देववीत, हे तिने लिहिले. आणि त्यांचे दुखणेही लपविले नाही. ते तिने लाजेचे नव्हे, कृपेचे मानले. २०१५ साली लुई व त्यांची पत्नी झेली यांना संतपद लाभले.

वाचकहो, आपल्या वडिलांचे अखेरचे दिवस कष्टाचे गेले असतील, तर त्याविषयी मौन धरू नका. आज जपमाळेनंतर मुलांना त्यांच्या आजोबांची एक गोष्ट सांगा आणि ती वहीत लिहून ठेवा.