नेमणुकीनंतरची प्रतीक्षा

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१०च्या विनियमांनुसार मोफत वकिलासाठी आलेल्या अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा लागतो. ही मुदत कागदावर पुरेशी तत्पर आहे; परंतु नेमलेला वकील पक्षकाराला प्रथम केव्हा भेटला, प्रकरणाची कागदपत्रे त्याच्या हाती केव्हा पडली आणि त्याने न्यायालयात पहिला अर्ज केव्हा केला, हे प्रश्न तिच्या बाहेर राहतात, आणि खरी प्रतीक्षा तेथेच साचते.

कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला निकाली निघण्यापूर्वीच कोठडीत असलेल्या आरोपीला, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. मात्र दोषारोपपत्र येण्यापूर्वी हा हक्क मागितला गेला नाही, तर तो संपुष्टात येतो. ते एकसष्टाव्या दिवशी दाखल झाले आणि वकील बासष्टाव्या दिवशी तुरुंगात पोहोचला, तर त्या आरोपीच्या दृष्टीने झालेली नेमणूक आणि न झालेली नेमणूक यांत फारसा फरक उरत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांतही हेच घडते, कारण २००५च्या कायद्याने पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवली असली, तरी ते दिवस अर्ज दाखल झाल्यानंतरच मोजले जातात.

न्यायालयांनी याबाबत मौन बाळगलेले नाही. मुंबईतील पोलीस कोठडीतील स्त्रियांसंबंधीच्या शीला बरसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच, अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे, असा आदेश दिला होता. २०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या लोकअभिरक्षक योजनेत पूर्णवेळ मानधनावरील वकील आले, ही निश्चितच प्रगती होय. परंतु ही योजना फौजदारी प्रकरणांपुरती असल्याने पोटगी वा घरभाड्याच्या वादातील पक्षकार खासगी व्यवसाय सांभाळून काम करणाऱ्या, प्रकरणागणिक मानधन घेणाऱ्या पॅनेलवरील वकिलांवरच अवलंबून राहतो.

उपायाचा नमुना उपलब्ध आहे. जामीन मंजूर होऊनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. हीच रीत वकिलाच्या पहिल्या भेटीला लावावी: ठरावीक दिवसांत भेट नोंदली गेली नाही, तर सूचना आपोआप सचिवाकडे जावी, त्याने दुसरा वकील नेमावा आणि मानधनाचा पहिला हप्ता या नोंदीखेरीज देऊ नये. मानधन तुटपुंजे असल्याची वकिलांची तक्रार रास्त आहे व ते वाढवावेही लागेल, परंतु भेटीची तारीख लिहून ठेवण्यासाठी त्या वाढीची वाट पाहण्याचे कारण नाही.